त्याला कळू न देता घर सोडायचंय

प्रश्न : लग्नाला नऊ वर्षं झाली. नवरा मारतो, रोज माझा मोबाइल तपासतो. गेल्या महिन्यात ‘मी निघून जाईन’ म्हटलं, तर त्याने गळा धरला. मुलगी दुसरीत आहे. कागदपत्रं त्याच्या कपाटात असतात. तयारी कशी करू?
– एक वाचक

उत्तर : ताई, गळा धरणं हे नेहमीच्या मारहाणीत मोजू नका. जिवाला धोका असल्याची ती खूण आहे. पुन्हा तसं झालं, तर वळ दिसत नसला तरी सरकारी दवाखान्यात जा, डॉक्टरांना खरं कारण सांगा आणि केसपेपर जपून ठेवा. ‘जाते’ हा शब्द आता भांडणातही नको. भांडण पेटलं की स्वयंपाकघरात थांबू नका, तिथे विळी-सुरी हाताशी असते. अंगावर आलाच तर 112.

तपासला जाणारा फोन या कामाला वापरायचाच नाही. 181 ही महिला हेल्पलाइन शेजारणीच्या फोनवरून लावा. व्हॉट्सअॅपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये (तुमचं व्हॉट्सअॅप आणखी कुठे उघडलंय, ते इथे दिसतं) अनोळखी नाव दिसलं तरी आत्ता काढू नका, त्याला लगेच संशय येईल. नवं सिम दुसऱ्या हँडसेटमध्येच घाला.

कागद एकेक करून बाहेर न्या, दोन-दोन झेरॉक्स काढा आणि परत जागेवर ठेवा : आधार, मुलीचा जन्मदाखला, लग्नाचं प्रमाणपत्र, पासबुक. एक संच मैत्रिणीकडे ठेवा. मूळ रेशनकार्ड उचलू नका, ते नाहीसं झालेलं पहिलं लक्षात येतं. आधारला त्याचा नंबर जोडलेला असेल, तर ऑनलाइन काही करायला जाऊ नका. ओटीपी त्याच्याकडेच वाजेल. नव्या बँकेत खातं उघडताना ‘सरकारी अनुदान याच खात्यात’ या रकान्यावर खूण करू नका. लाडकी बहीणचे पैसे जुन्या खात्यात यायचे थांबले की विचारणा सुरू होते.

मुलीला सोबतच घ्या, पण आधी तिला काही सांगू नका. शाळेत दाखला मागायला जाल, तर शाळा वडिलांना फोन लावेल. शिक्षण हक्क कायद्याने (2009) दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, तो नंतर मागवता येतो.

निघताना नेहमीची वेळ आणि नेहमीचीच पिशवी. एसटीचं अर्धं तिकीट रोखीने काढा. थेट माहेरी जाणं आम्हाला धोक्याचं वाटतं, तो पहिला तिथेच पोचतो. जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण पाच दिवस निवारा मिळतो, पुढची सोयही तिथूनच लावतात.

बहुतेकींचं घोडं अडतं ते इथे : नवरा ‘बायको हरवली’ अशी तक्रार देतो आणि पोलीस शोधत येतात. म्हणून पोचल्या दिवशीच जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी द्या : ‘मी सज्ञान आहे, मारहाणीमुळे मुलीसह स्वखुशीने घर सोडलं आहे, पत्ता पतीला कळवू नये.’ शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

मग संरक्षण अधिकाऱ्यांकडे, म्हणजे घरातल्या हिंसाचाराच्या तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे जा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज त्यांच्यामार्फत होतो. घर सोडलं म्हणून त्या घरातला राहण्याचा हक्क बुडत नाही, दागिने हे तुमचं स्त्रीधन, तेही मागता येतं. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बाईला उत्पन्न न पाहता मोफत मिळतो. तुम्ही तात्पुरत्या राहता तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो, पण नोटिशीवरून त्याला गाव कळेल. तारखेला एकट्या जाऊ नका.