वाचकांचे प्रश्न : अर्थिंग, तारांचे जोड आणि सॉकेट

घरातील विजेच्या साहित्याविषयी आलेल्या पत्रांतून या वेळी सहा प्रश्न निवडले आहेत. उत्तरांतील आकडेमोड २३० व्होल्टच्या सिंगल फेज पुरवठ्यासाठी केलेली आहे. प्रत्यक्ष काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मात्र आपल्या भिंतीत आणि जमिनीत काय बसवले जात आहे व ते का, हे घरात राहणाऱ्यांना कळलेच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : नव्या घराचे वायरिंग सुरू आहे. अर्थिंगसाठी एक जण भरीव तांब्याचा रॉड सुचवतो, दुसरा तांब्याचा मुलामा दिलेला पोलादी रॉड आणि तिसरा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप. रॉड जितका जाड तितके अर्थिंग चांगले, हे खरे आहे का?

उत्तर : नाही. आपल्याजवळचे पैसे जाडीसाठी न घालवता लांबीसाठी खर्च करावेत. उभ्या रोवलेल्या रॉडचा रोध म्हणून आपण जो मोजतो, तो जवळजवळ सगळा त्याच्या भोवतालच्या मातीचा असतो. रॉडच्या धातूचा वाटा त्यात नगण्य असतो. मातीची रोधकता १०० ओहम-मीटर धरली, तर १४.२ मिलिमीटर व्यासाच्या व ३ मीटर लांबीच्या रॉडचा भूरोध (जमिनीत वीज उतरताना होणारा रोध) सुमारे ३४ ओहम येतो. व्यास दुप्पट केल्यास तो जेमतेम ३० ओहमपर्यंत उतरतो, पण लांबी दुप्पट केल्यास १९ ओहमवर येतो. शिवाय खालच्या थरात ओल टिकून राहते आणि वरचा थर कोरड्या महिन्यांत सुकतो, हा लांब रॉडचा आणखी एक फायदा आहे. खडक लागल्यामुळे खोल जाता येत नसेल, तर दोन रॉड निदान एका रॉडच्या लांबीइतक्या अंतरावर रोवून एकमेकांना जोडावेत. अगदी शेजारी रोवलेल्या दोन रॉडांच्या वाट्याला तीच माती येते आणि दुसऱ्याचा उपयोग फारसा होत नाही.

धातूविषयी सांगायचे तर भरीव तांबे मऊ असते आणि कठीण जमिनीत ठोकताना वाकते. तांब्याचा मुलामा दिलेला पोलादी रॉड ठोकायला सोपा आणि टिकाऊ असतो. मात्र मुलामा किती जाड आहे, हे विचारून घ्यावे. चांगल्या रॉडवर तो सुमारे २५० मायक्रॉनचा असतो. वरवर चढवलेली तांब्याची झिलई ठोकतानाच खरवडली जाते आणि उघडे पडलेले पोलाद गंजू लागते. जस्ताचा पाइपही चालतो, पण त्याला तांब्याची तार थेट आवळू नये, कारण ओलाव्यात या दोन धातूंच्या स्पर्शाने जस्त झपाट्याने झिजते. तेथे कथिलाचा मुलामा दिलेली लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) किंवा दोन्ही धातूंसाठी बनवलेला क्लॅम्प वापरावा. क्लॅम्पवर रॉडइतकेच लक्ष द्यावे. महागडा रॉड घेऊन त्याला साध्या लोखंडी नटबोल्टने तार आवळलेली मी पाहिली आहे. अशा वेळी रॉड अनेक वर्षे शाबूत राहतो आणि जोड मात्र गंजून सुटतो. जमिनीत पुरण्यास योग्य असा पितळी किंवा कांस्य क्लॅम्प घ्यावा आणि तो तपासता येईल असा छोटा चेंबर वर ठेवावा. रॉडभोवती टाकलेल्या मिठाने भूरोध काही काळ कमी होतो, पण मीठ पाण्याबरोबर वाहून जाते आणि धातूही खाते. बेंटोनाइट ही माती त्यापेक्षा कितीतरी बरी.

आता आपण न विचारलेला, पण सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. वर काढलेल्या ३४ ओहमच्या रॉडवर फेजची, म्हणजे वीज घेऊन येणारी, तार थेट टेकली, तरी २३० भागिले ३४ म्हणजे पावणेसात अँपिअरच प्रवाह वाहतो. एवढ्या प्रवाहाला १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद पडणारा स्विच) पडणार नाही आणि यंत्राच्या धातूच्या अंगावर वीज तशीच राहील. ज्या ठिकाणी वीजपुरवठादार स्वतःचे अर्थ टर्मिनल देतो, तेथे दोषाचा प्रवाह धातूच्या मार्गाने परत जातो, तो शेकडो अँपिअर असू शकतो आणि एमसीबी तत्काळ पडतो. जेथे फक्त आपल्याच रॉडवर भिस्त आहे, तेथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय हे संरक्षण अपुरे आहे. शरीरातून जाणारा प्रवाह साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे गेला, की हाताची पकड सुटेनाशी होते. ३० मिलिअँपिअरच्या गळतीला हे उपकरण ०.३ सेकंदांच्या आत, तर त्याच्या पाचपट गळतीला ०.०४ सेकंदांच्या आत पुरवठा तोडते. रॉड आणि आरसीसीबी यांपैकी एकच घेण्याची वेळ येऊ देऊ नये. ते एकमेकांच्या जोडीनेच काम करतात.

प्रश्न : वायरमनने फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभर वॉटचा बल्ब लावून दाखवला. तो लख्ख पेटला. म्हणजे आमचे अर्थिंग उत्तम आहे ना?

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. शंभर वॉटच्या पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे ५२९ ओहम असतो. आपला भूरोध ५० ओहम, म्हणजे चांगलाच जास्त असला, तरी बल्बला सुमारे २१० व्होल्ट मिळतात आणि त्याच्या उजेडातील फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही. अर्थ म्हणून दाखवलेली तार चुकून न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेला, जोडलेली असली, तरीही बल्ब पेटेल. याहून गंभीर बाब अशी की अर्थची तार रॉडपाशी तुटलेली असेल, तर ही चाचणी करताना बल्बमधून आलेली वीज अर्थच्या जाळ्यात जाऊन घरातील प्रत्येक यंत्राच्या धातूच्या अंगावर उतरते, आणि त्या क्षणी फ्रिजला हात लावून कोणी उभे असू शकते. ही पद्धत बंद व्हायला हवी. मुख्य पुरवठा बंद करून व अर्थची तार रॉडपासून सोडवून भूरोध मोजण्याच्या मीटरने, जमिनीत दोन साहाय्यक सळ्या रोवून माप घ्यायला सांगावे आणि आकडा तारखेसह लिहून घ्यावा. आरसीसीबीवरील ‘टेस्ट’ बटण नियमित दाबावे, पण ते उपकरणाची यंत्रणा चालते एवढेच सांगते. अर्थिंग आहे की नाही, हे त्या बटणाला कळत नाही.

प्रश्न : तारा एकमेकींवर पिळून वर टेप गुंडाळण्याऐवजी आता तऱ्हेतऱ्हेचे कनेक्टर मिळतात. त्यांची खरोखर गरज आहे का, आणि असल्यास कोणता घ्यावा?

उत्तर : गरज आहे, आणि या विषयावर मी थोडे सविस्तर लिहितो, कारण विजेमुळे लागणाऱ्या आगीची सुरुवात पुष्कळदा सैल जोडापासूनच होते. जोड सैल झाल्याने तेथे ०.१ ओहम इतकाच जादा रोध आला आणि १६ अँपिअरचा प्रवाह वाहू लागला, तर त्या एका ठिकाणी २५.६ वॉट उष्णता निर्माण होते. लहान सोल्डरिंगची इस्त्री साधारण २५ वॉटची असते. म्हणजे भिंतीतल्या बंद डबीत एक तापलेली इस्त्री तासन् तास ठेवून दिल्यासारखे होते. एमसीबीला याचा पत्ताही लागत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. आरसीसीबीलाही लागत नाही, कारण गळती झालेली नसते. तापून प्रसरण पावणे आणि थंड होऊन आकुंचन पावणे हे रोज घडत राहिल्याने जोड अधिक सैल होतो, धातूवर ऑक्साइड चढतो, रोध आणखी वाढतो. टेप हे इन्सुलेशन आहे. ती तारांना दाबून धरत नाही, आणि उष्णतेने तिचा डिंकही सुटतो.

साध्या घरगुती कामासाठी मी लिव्हरचे कनेक्टर पसंत करतो. त्यांत भरीव आणि बहुतारी, दोन्ही प्रकारच्या तारा बसतात, आतली स्प्रिंग तापमान बदलले तरी दाब कायम ठेवते आणि पारदर्शक आवरणातून तार तळापर्यंत पोहोचली की नाही, ते दिसते. तार किती सोलायची, ते कनेक्टरच्या अंगावरच दिलेले असते. बहुधा ते ११ मिलिमीटर असते. त्याहून कमी सोलल्यास पकड अपुरी राहते आणि जास्त सोलल्यास उघडे तांबे बाहेर डोकावते. नुसते ढकलून बसवायचे कनेक्टर मुख्यतः भरीव तारांसाठी असतात. फिरवून बसवायची टोपी घेतली, तर किती जाडीच्या किती तारा त्यात चालतात, हे वेष्टनावर वाचूनच घ्यावी आणि बसवल्यानंतर प्रत्येक तार वेगवेगळी ओढून पाहावी. स्क्रूची कनेक्टर पट्टी स्वस्त असते, पण स्क्रूचे टोक थेट बारीक तारांवर फिरून त्या तोडते. म्हणून मध्ये दाबपट्टी असलेली पट्टी घ्यावी किंवा तारांच्या टोकावर फेरूल (धातूची छोटी नळी) क्रिंप करावी, म्हणजे चेपून बसवावी. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला कधीही डाग देऊ नये, म्हणजे सोल्डर लावू नये. डागाचा मिश्रधातू दाबाखाली हळूहळू पसरतो आणि आज घट्ट असलेला स्क्रू काही महिन्यांनी सैल होतो. लग बसवायची तर त्या मापाच्या क्रिंपिंग टूलनेच. पकडीने चेपलेली लग दिसते घट्ट, पण आत पोकळ राहते.

तांब्याची आणि अॅल्युमिनियमची तार एकत्र पिळू नये. अॅल्युमिनियमवर हवेत क्षणात ऑक्साइडचा थर चढतो, तो वीज वाहू देत नाही. उष्णतेने ते तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावते आणि दाबाखाली मऊपणे सरकते. अमेरिकेत १९६५ ते १९७३ या काळात अनेक घरांत अॅल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या आणि त्या घरांतील जोड तापण्याच्या तक्रारींमुळे तेथे खास साहित्य तयार करावे लागले. दोन्ही धातूंसाठी आहे असे स्पष्ट छापलेली द्विधातू लग किंवा कनेक्टरच अशा ठिकाणी वापरावा. आणि जोड कोणताही असो, तो उघडून पाहता येईल अशा डबीत असावा. गिलाव्याखाली गाडलेला जोड तापत असला तरी तो कोणाला दिसत नाही.

प्रश्न : जुन्या घरात दोन पिनांची सॉकेट आहेत, अर्थची तार नाही. तीन पिनांचे सॉकेट बसवून त्यातील अर्थची पिन आतल्या आत न्यूट्रलला जोडून द्यावी, असे सुचवले गेले आहे. करावे का?

उत्तर : कृपया करू नका. सगळे ठीक असेपर्यंत हा जोड निरुपद्रवी वाटतो. पण मागे कोठेही न्यूट्रल सुटली, की फेजची वीज चालू असलेल्या यंत्रातून फिरून, त्या छोट्याशा तारेवाटे यंत्राच्या धातूच्या अंगावर पूर्ण दाबाने येते. यंत्र बंद पडलेले दिसते, म्हणून माणूस त्याला हात लावून पाहतो. फेज आणि न्यूट्रल उलट जोडल्या गेल्या, तर तुटण्याचीही वाट पाहावी लागत नाही. पाण्याच्या नळाला तार बांधणे हाही पर्याय नाही, कारण मध्ये कोठेतरी प्लास्टिकचा पाइप असतोच. अर्थची वेगळी तार मुख्य बोर्डापर्यंत ओढणे हाच खरा उपाय आहे. ते होईपर्यंत बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा आणि धातूच्या अंगाची यंत्रे त्या सॉकेटवर लावू नयेत.

प्रश्न : अर्थची तार फेजपेक्षा बारीक चालते का? तिचा रंग कोणता असावा?

उत्तर : फेजची तार १६ चौरस मिलिमीटरपर्यंत असेल, तर अर्थची तारही तेवढीच घेणे हा सरळ नियम आहे. रंग हिरवा किंवा हिरवा-पिवळा असावा, आणि त्या रंगाची तार दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नये.

प्रश्न : गिझरचे सॉकेट काळे पडले होते, ते बदलले; वर्षभरात नवेही काळे पडले. सॉकेट कोणते घ्यावे? आणि आंगणातील वॉशिंग मशीनसाठी वेगळे सॉकेट लागते का?

उत्तर : आपण बहुधा सॉकेट बदलले, पण जुना प्लग तसाच ठेवला. तापून काळ्या पडलेल्या पिनांवर ऑक्साइड असतो आणि त्या नव्या सॉकेटच्या पट्ट्यांनाही तापवतात. दोन्ही एकाच वेळी बदलावेत, आणि भिंतीतल्या तारेचे काळवंडलेले टोक चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापून टाकावे. २००० वॉटचा गिझर ८.७ अँपिअर आणि ३००० वॉटचा १३ अँपिअर प्रवाह घेतो. त्यामुळे ६ अँपिअरचे सॉकेट किंवा मध्ये अडॅप्टर कोणत्याही परिस्थितीत चालणार नाही, १६ अँपिअरचेच हवे. तार २.५ किंवा ४ चौरस मिलिमीटरची असावी. दोन्हींत निवड करताना अंतर आणि एकाच नळीतून जाणाऱ्या तारांची संख्या वायरमनने विचारात घ्यावी.

सॉकेट हातात घेतल्यावर त्याचे वजन किंवा चकाकी पाहू नका. मागची बाजू पाहा. टर्मिनलमध्ये आपल्या जाडीची तार पूर्ण आत जाते का, स्क्रू तारेला पट्टीने दाबतो की टोकाने टोचतो, संपर्काच्या पट्ट्या फॉस्फर ब्राँझसारख्या स्प्रिंगदार धातूच्या आहेत का, आणि प्लग घालून काढताना तिन्ही पिना सारख्याच घट्ट वाटतात का, हे तपासावे. छिद्रांवर शटर असलेले सॉकेट घ्यावे. मुलांच्या हातातली तार किंवा टाचणी आत जाऊ नये, यासाठी याहून साधा उपाय नाही. तीन पिनी प्लगमधील अर्थची पिन लांब असते, ती सर्वांत आधी जोडली जावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. दोन छिद्रांच्या बोर्डात बसावा यासाठी ती कापणे म्हणजे सगळ्या अर्थिंगवर पाणी सोडणे होय. नवे सॉकेट बसवल्यावर गिझर अर्धा तास चालवून बटण बंद करावे आणि प्लगच्या बाहेरील प्लास्टिकला हात लावून पाहावे. कोमट लागला तर हरकत नाही. हात ठेववत नसेल, तर आतला कोणतातरी स्क्रू अजून सैल आहे.

आंगणातील सॉकेटवर निदान आयपी ४४ असा शिक्का हवा. यातील पहिला ४ हा अंक १ मिलिमीटरहून जाड वस्तू आत जात नाही असे सांगतो आणि दुसरा ४ सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण दर्शवतो. पाइपने फवारा मारून तो कोपरा धुण्याची सवय असेल, तर आयपी ६५ घ्यावे. काही सॉकेटांना हे संरक्षण झाकण बंद असतानाच मिळते, आणि वॉशिंग मशीनचा प्लग तर कायम आत असतो. तेव्हा आपला प्लग सोबत नेऊन, तो घातलेला असतानाही झाकण पूर्ण मिटते का, हे खरेदीच्या वेळीच पाहून घ्यावे.