६० दिवसांत विकता येईल अशीच गाडी घ्या

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं, सॅन होजेला येऊन पाच महिने झालेत, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहात, हातात १६,००० डॉलर आहेत, महिन्याला साधारण १,४०० शिल्लक राहतात आणि जानेवारीत मिसेस आणि तीन वर्षांची मुलगी येणार. डीलरकडे एक तीन वर्षं जुनी एसयूव्ही आहे, टॅक्ससकट २४,०००, त्यात ४,००० डाऊन आणि बाकीचं लोन ७२ महिने १४.९ टक्क्यांनी. दुसरीकडे एका माणसाची २०१५ ची कोरोला, ९८,००० माइल झालेली, रोख ९,२००. मन एसयूव्हीकडे ओढतंय कारण फॅमिली येतेय, आणि बाबा एफडी मोडून पैसे पाठवतो म्हणतायत.

माझं मत कोरोला. आणि बाबांची एफडी अजिबात मोडायची नाही.

आधी लोनचं बघू. २०,००० वर १४.९ टक्के म्हणजे हप्ता साधारण ४२२ डॉलर, सहा वर्षांत भरणार ३०,३७० च्या आसपास, म्हणजे दहा हजारांवर नुसतं व्याज. पण मला जास्त काळजी दोन वर्षांनंतरची वाटते. तोपर्यंत तुम्ही दहा हजार भरलेले असतील आणि तरी १५,२०० बाकी असतील, आणि गाडीची किंमत तोवर कुठे आलेली असेल कोण जाणे. एच-वन वर नोकरी गेली तर नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात, आय-९४ (इथे राहायची मुदत सांगणारी नोंद) त्याआधी संपत असेल तर तेही नाहीत. माझ्याकडे एक जोडपं आलं होतं, विसाव्या महिन्यात नोकरी गेली, लोन गाडीच्या भावापेक्षा साडेतीन हजारांनी जास्त निघालं, म्हणजे गाडी विकायची तर वरून खिशातले साडेतीन हजार घालायचे, आणि त्याच आठवड्यात परतीची तिकिटं पण काढायची होती. तेव्हापासून व्हिसावर असलेल्या प्रत्येकाला मी गाडी घ्यायच्या आधीच ती विकायचं गणित करायला लावतो. रोख घेतलेली कोरोला दोन वीकएंडमध्ये जाते आणि आलेले पैसे सगळे तुमचे.

हे १४.९ तुमच्या पगारामुळे नाहीये हेही लक्षात घ्या. फायको स्कोअर, म्हणजे कर्ज देणारे बघतात तो तुमच्या पतीचा आकडा, बनायलाच निदान सहा महिने जुनं क्रेडिट अकाउंट लागतं, तुमचे पाचच झालेत. क्रेडिट कार्ड वेळेवर पूर्ण भरत राहा, दीड वर्षाने मोठी गाडी हवीच असेल तर क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे सभासदांच्या पतसंस्थेत, रेट विचारा. आणि डीलर "महिन्याला किती जमेल?" विचारतो तेव्हा उत्तर देऊ नका, आउट द डोअर प्राइस, म्हणजे टॅक्स आणि फीसकट एकूण किंमत, लिहून मागा.

सेफ्टीची काळजी खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. पण २०१२ मॉडेलपासून इथे प्रत्येक गाडीला स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरायला लागली की आवरणारी यंत्रणा) कम्पल्सरी आहे, तो कोरोलात आहेच. बॅक कॅमेरा मे २०१८ पासून कम्पल्सरी झाला, त्यामुळे या गाडीत तो आहे का ते बघा, नसेल तर बाहेरून बसवून घ्या. बाकी पैसा चांगल्या कार सीटवर घाला, आठ वर्षांखालच्या मुलांना इथे कार सीट किंवा बूस्टरमध्ये मागेच बसवावं लागतं.

आणि खरं सांगू का, पहिल्या वर्षी गाडी खरचटणारच. आठ वर्षं भारतात चालवलीय म्हणता, पण डावीकडे बसून उजवी बाजू कुठपर्यंत जाते याचा अंदाज यायला वेळ लागतो, वळताना इंडिकेटर द्यायला जाल आणि कोरड्या काचेवर वायपर सुरू होईल, चार बाजूंनी स्टॉप साइन असलेल्या चौकात आधी कोण आलं हे बघून निघायचं असतं, हॉर्न मारून नाही. स्टॉपला चाक पूर्ण थांबलं पाहिजे, टेस्टमध्ये लोक इथेच नापास होतात. लायसन्स आधी काढा, इथे राहायला आल्यावर दहा दिवसांत काढायचं असतं आणि तुमचे पाच महिने झालेत. इन्स्ट्रक्टरचे दोन-तीन क्लास लावा, तो खर्च वाया जात नाही.

इन्शुरन्समध्ये मात्र काटकसर नको. जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियाची किमान लायबिलिटी (तुमच्या चुकीने दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा विमा) ३०/६०/१५ आहे, म्हणजे एका माणसाच्या दुखापतीला ३० हजार, सगळ्यांच्या मिळून ६० हजार आणि समोरच्या गाडीच्या नुकसानीला फक्त १५,०००, आणि तुमच्या आसपास बऱ्याच गाड्या त्याहून महाग आहेत. दुखापतीसाठी १००/३०० घ्या, अनइन्शुअर्ड मोटरिस्ट (समोरच्याकडे विमाच नसेल तर उपयोगी पडणारं कव्हर) घ्या. कोलिजन, म्हणजे धडकेत तुमच्याच गाडीच्या नुकसानीचं कव्हर, घ्यायचं की नाही हे रोखीच्या गाडीत तुमच्या हातात असतं, लोनवर असती तर बँकेने घ्यायलाच लावलं असतं.

आता कोरोला घेताना. पिंक स्लिपवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) विकणाऱ्याचंच नाव आहे का, खाली कुठल्या बँकेचा बोजा आहे का, सॅल्व्हेज, म्हणजे मोठ्या नुकसानीत निकालात काढलेली गाडी, असं लिहिलंय का हे बघा. व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, डॅशबोर्डवर, दाराच्या चौकटीवर आणि पिंक स्लिपवर तोच हवा. तो नंबर एनएचटीएसए या सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाकला की रिकॉल (कंपनीने फुकट करून द्यायची दुरुस्ती) राहिलाय का ते फुकट कळतं. गाडी बघायला सकाळी जा आणि इंजिन थंडच ठेवा असं आधी सांगून ठेवा, बॉनेटला हात लावून बघा. स्मॉग सर्टिफिकेट (धुराच्या तपासणीचं, आपल्या पीयूसीसारखं) विकणाऱ्याने द्यायचं असतं, ९० दिवसांच्या आतलं. टॅक्स डीएमव्हीत (इथल्या आरटीओत) तुम्ही भरायचा, राज्यात किमान ७.२५ टक्के पण सॅन होजेत नऊच्या वर, म्हणजे साडेआठशेच्या वरच धरा. पैसे बँकेत बसून कॅशियर्स चेकने (आपल्या डिमांड ड्राफ्टसारखा) द्या.

हे सगळं झाल्यावर हातात साधारण पाच हजार उरतील, ते कमी आहेत. म्हणून पुढचे चार महिने ते १,४०० जसेच्या तसे बाजूला टाका, सोफा-टीव्ही नंतर.

सौदा पक्का करायच्या आधी गाडी तुमच्या पसंतीच्या मेकॅनिककडे न्या, दीड-दोनशे लागतील. विकणारा नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. रिपोर्ट आला की मला पाठवा, टायर किंवा ब्रेकचा खर्च निघाला तर तेवढे ९,२०० मधून कमी करून मागू.