आलेखाचं पीएनजी केलं की अक्षरं बिघडतात

तुमचा प्रश्न: कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पातळीचा वेबपानावरचा एसव्हीजी (कोडमधून रेखलेला) आलेख पीएनजी (साधी चित्र-फाइल) केला की रेघा नीट येतात, पण ‘इशारा ३९ फूट’, ‘धोका ४३ फूट’ यातली काही अक्षरं गायब, उरलेली भलत्याच फॉन्टात.

गायब झालेली बहुधा आलेखावर ठेवलेल्या डिव्हमध्ये, म्हणजे पानाच्या वेगळ्या एचटीएमएल चौकटीत आहेत. ती एसव्हीजीत नाहीतच, मग चित्रात कुठून येणार? एसव्हीजीच्या टेक्स्ट टॅगमध्ये आणा.

फॉन्टचं खरं दुखणं वेगळं. एसव्हीजी इमेज म्हणून लोड झाला की त्याला पानाची सीएसएस (रंग-फॉन्टचे नियम) दिसत नाही, पानाने नेटवरून आणलेला वेबफॉन्टही नाही. म्हणून आधी एसव्हीजीची प्रत काढा, गेटकॉम्प्युटेडस्टाइल या फंक्शनने मूळचा रंग, आकार, फॉन्ट प्रतीतल्या प्रत्येक टेक्स्टवर थेट लिहा. देवनागरी फॉन्टची फाइल बेस६४ (मजकुराच्या रूपात) करून एसव्हीजीच्याच स्टाइल टॅगमध्ये फॉन्टफेस म्हणून घाला. नुसती लिंक चालत नाही. मग एक्सएमएलसीरियलायझरने प्रतीचा मजकूर करा, तो इमेज म्हणून लोड करा, कॅनव्हासवर (ब्राउझरच्या चित्रफलकावर) काढा आणि टूब्लॉबने पीएनजी फाइल घ्या.

कॅनव्हास दुप्पट मापाचा घ्या आणि आधी पांढरा रंग भरा. पुराच्या दिवसांत ही चित्रं व्हॉट्सॲपवर घरोघरी फिरतात, आणि पारदर्शक पाठीवरची काळी अक्षरं डार्क मोडमध्ये वाचताच येत नाहीत.