खेळातल्या आवाजांना पहिला फिल्टर लावताना

तुमच्या संगणकीय खेळातला नायक पऱ्हाटीच्या वावरातून कवेलूच्या घरात शिरताच बाहेरचा पाऊस दबका ऐकू यावा, ही कल्पना सुंदर आहे आणि तिच्यासाठी पायथनमध्ये एकच लो-पास फिल्टर (खालच्या पट्टीचे आवाज जाऊ देणारी, वरचे दाबणारी गाळणी) पुरेसा आहे. सायपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतील ‘बटर’ (फिल्टर बनवणारे) व ‘सॉसफिल्ट’ (तो आवाजाला लावणारे) ही फंक्शन्स वापरा. कटऑफ, म्हणजे ज्याच्या वरचे आवाज दबतात ती वारंवारता, ८०० हर्ट्झपासून सुरू करून पुढे कानाने ठरवा.

सुरुवातीच्या चुका बहुधा याच असतात:

- आवाजाच्या १६-बिट फाइलमधील पूर्णांक आधी ३२७६८ ने भागून दशांशात आणावेत. परत फाइलमध्ये लिहिताना १६-बिटची मर्यादा ओलांडलेले आकडे रोखले नाहीत, तर कर्कश खरखर येते.
- सॅम्पल रेट (दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४४१०० गृहीत न धरता फाइलमधूनच घ्यावा.
- स्टिरिओ आवाजासाठी ‘सॉसफिल्ट’ला ‘अ‍ॅक्सिस’ (आकड्यांच्या तक्त्यात कोणत्या दिशेने गाळायचे ते) शून्य द्यावा, अन्यथा डावी-उजवी बाजू एकमेकांत मिसळते.

मूळ फाइल जपा, हेडफोनवर ऐका. रिव्हर्बकडे (खोलीतल्या घुमण्याच्या परिणामाकडे) सध्या वळू नका.