वाचकांचे प्रश्न : गाण्यांचा ॲनिमेशनपट आणि पहिल्यांदा थिएटर

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत माझी दोन नातवंडे साताऱ्याला येणार आहेत. नातू ८ वर्षांचा आणि नात ४ वर्षांची. त्यांना थिएटरमध्ये एखादा गाण्यांचा ॲनिमेशनपट दाखवावा असे मनात आहे. घरी आम्ही मराठीच बोलतो. नातू इंग्रजी माध्यमात शिकतो आणि त्याला इंग्रजीच खेळ हवा आहे. नातीला टीव्हीवरच्या कार्टूनमुळे हिंदी बऱ्यापैकी समजते. ती आजवर थिएटरमध्ये गेलेली नाही. खेळ कोणत्या भाषेतला निवडावा? थ्रीडी घ्यावा का?
— एक आजी, सातारा

उत्तर : धाकटीला समजेल तो, म्हणजे हिंदी. नातू थोडी कुरकुर करील, ती करू द्यावी. साध्या कार्टूनमध्ये चार संवाद निसटले तरी बिघडत नाही, कारण कोण पडले, कोण पळाले आणि कोणाची फजिती झाली हे चित्रच सांगते; परंतु गाण्यांच्या चित्रपटात पात्राचे मन जिथे पालटते ती जागा बहुधा गाण्यात असते, आणि शब्द कळले नाहीत तर मूल त्या वेळी फक्त रंग पाहत बसते. २०१३ सालच्या ‘फ्रोझन’चे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. त्यातील एल्सा ही सुरुवातीच्या आराखड्यात खलनायिका होती. क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या दांपत्याने तिच्यासाठी ‘लेट इट गो’ हे गाणे रचले, आणि ते ऐकल्यावर असे गाणारी मुलगी दुष्ट असूच शकत नाही हे निर्मात्यांच्या लक्षात येऊन कथाच नव्याने बांधण्यात आली. ज्या गाण्याने कथा फिरवली, त्याचे शब्द नातीच्या कानावरून नुसते जाऊ देण्यात काय हशील?

हिंदीत आणलेली गाणी ओढूनताणून केल्यासारखी वाटतात, असा आक्षेप मोठी माणसे घेतात आणि त्यात तथ्य आहे. मात्र गीतकाराची अडचणही पाहावी. पडद्यावरचे तोंड आधीच चितारलेले असते. मूळ गाण्यात ओठ मिटले असतील तिथे प, ब, भ किंवा म यांपैकी एखादे अक्षर यावे लागते, आणि तोंड बराच वेळ उघडे असेल तिथे ‘आ’ किंवा ‘ओ’सारखा लांबवता येणारा स्वर लागतो, शिवाय मात्रा जुळायला हव्यात आणि अर्थही सुटता कामा नये. याच गाण्याच्या जर्मन आवृत्तीत ‘लास येत्स्ट लोस’ असे शब्द आहेत, म्हणजे ‘गो’मधला ‘ओ’ तिथे बरोबर सांभाळला आहे. फ्रेंच गीतकाराने मात्र ‘लिबेरे, देलिव्रे’ म्हणजे ‘मुक्त झाले, सुटले’ असे लिहिले. स्वर बदलला, पण भाव नेमका पकडला. हिंदीतही हीच कसरत चालते, त्यामुळे एखादी ओळ वाकडी होते. चार वर्षांच्या मुलीला तो वाकडेपणा जाणवत नाही. नातवाला मूळ इंग्रजी गाणी नंतर घरी ऐकवता येतील.

थ्रीडी या खेपेला नको. तो चष्मा मोठ्यांच्या नाकाच्या मापाचा असतो, लहान मुलाच्या चेहऱ्यावरून सारखा घसरतो, आणि त्यातून पडदा एरवीपेक्षा अंधुक दिसतो. पहिल्या खेपेला थिएटरचा काळोख पुरेसा असतो.

आता एक क्षुल्लक वाटणारी, पण हमखास रडारड घडवणारी गोष्ट. थिएटरची खुर्ची घडीची असते. मोठ्या माणसाच्या वजनाने ती उघडी राहते. चौदा-पंधरा किलोचे मूल मागे सरकून बसले की बैठक हळूहळू वर उचलली जाते आणि गुडघे हनुवटीला लागतात. माझी भाची अशी एकदा खुर्चीच्या घडीतच अडकली होती आणि पुढची दहा मिनिटे तिने पडद्याकडे पाहिलेच नाही. मुलांसाठी उंच बैठक मिळते का, हे तिकीट घेतानाच विचारावे. नसेल तर आपला हात बैठकीच्या पुढच्या कडेवर ठेवावा. आवाजाच्या दृष्टीने भिंतीलगतच्या खुर्च्या टाळाव्यात, कारण स्पीकर तिथेच असतात. दिवे चालू असतानाच आत जाऊन बसावे. आपल्याकडे परदेशी चित्रपटातही मध्यंतर घुसवले जाते, आणि ते कधीकधी चालत्या प्रसंगाला मध्येच तोडते; मुलगी घाबरून ‘संपला का?’ असे विचारील, तेव्हा तिला आधीच सांगून ठेवलेले बरे.

प्रमाणपत्रही पाहून घ्यावे. २०२४ च्या नियमांपासून ‘यूए’ प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. हे आकडे पालकांना सल्ला म्हणून असतात; ७+ असले म्हणून नातीला दारात कोणी अडवणार नाही, पण त्यात घाबरवणारे काहीतरी आहे एवढे समजून घ्यावे.

प्रश्न : नातवाबरोबर असा एक चित्रपट पाहिला. पात्रे थोड्या थोड्या वेळाने गाऊ लागतात, आणि गाणे जरा रंगात आले की संपते. आम्ही संगीत नाटकांवर वाढलो. तिथे गाणे म्हणजे थांबून ऐकण्याची गोष्ट. इथे एवढी घाई कशासाठी?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : कारण इथे ‘वन्स मोअर’ची सोयच नाही. या चित्रपटांत गाणे आधी ध्वनिमुद्रित होते आणि नंतर त्याच्या प्रत्येक ठेक्यावर चित्र बसवले जाते. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या गाण्याला ५,०४० चौकटी लागतात, आणि नायिकेची बट कुठे उडाली हेसुद्धा त्यांत कोणीतरी ठरवलेले असते. गायकाने एक तान जास्त घेतली, तर चित्रकारांचे कित्येक दिवसांचे काम वाढते.

मात्र आपल्या तक्रारीशी मी पूर्णपणे सहमत नाही. आपण ज्या थांबून ऐकण्याविषयी लिहिता, ते संगीत नाटकात बहुतांशी नंतर आले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातील पदे पुष्कळ होती, पण छोटी होती. पात्रे त्यांतून एकमेकांशी बोलत आणि कथा पुढे सरकत असे. १९११ सालच्या ‘मानापमान’पासून, गोविंदराव टेंबे यांच्या चालींमुळे, रागदारीचा विस्तार रंगमंचावर ठाण मांडून बसला. आपला नातू जे पाहतो, ते टेंब्यांपेक्षा किर्लोस्करांच्या अधिक जवळचे आहे.

तरीही पात्रांनी सारखे गाऊ नये असे वाटत असेल, तर युगो साको आणि राम मोहन यांचा ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ पाहावा. भारत आणि जपान यांच्या सहकार्याने झालेला हा १९९३ चा ॲनिमेशनपट जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडील थिएटरांत पुन्हा आला होता. संगीत वनराज भाटिया यांचे आहे. त्याच्या मूळ इंग्रजी आवृत्तीतील गाणी चक्क संस्कृतात आहेत.

प्रश्न : माझी सहा वर्षांची मुलगी थिएटरमध्ये पडद्याबरोबर मोठ्याने गाते. पुढच्या रांगेतले लोक वळून पाहतात. तिला गप्प करावे का?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : नेहमीच्या खेळात, हो. पुढच्या माणसानेही तिकीट काढलेले असते. परंतु आपण राहता तिथे सोबत गाण्याचे खेळ अधूनमधून लागतात; ‘फ्रोझन’चा असा खेळ अमेरिकेत ३१ जानेवारी २०१४ पासून सुरू झाला होता, आणि पडद्यावरच्या शब्दांवरून एक हिमकण उड्या मारत जात असे. तसा खेळ मिळेपर्यंत तिच्याशी एक करार करावा : चित्रपटभर ओठांतल्या ओठांत, आणि शेवटची नावे सुरू झाली की मनसोक्त. त्या नावांखाली बहुधा एखादे गाणे पुन्हा वाजतेच. सफाईची माणसे तोवर झाडू घेऊन आत आलेली असतात. पण गाणाऱ्या मुलाला त्यांनी उठवल्याचे मी अजून पाहिलेले नाही.