कंसातलं वाक्य

"मावशी, माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा, चार वर्षं झाली गर्द ओढतोय. मागच्या वर्षी आम्ही घरीच सोडवायला गेलो, नऊ दिवस खोलीत ठेवला, बाहेरून कडी. सुटलं होतं पण पुन्हा सुरू झालं (त्या पहिल्याच दिवशी बाथरूममध्ये पडला होता, ओठ निळे झालेले, घोरत होता, पाणी मारल्यावर उठला). आता सोमवारी डिटॉक्सला ॲडमिट करतोय, दहा दिवस. डॉक्टर जिभेखालची गोळी देणार आणि घरी आल्यावरही चालू ठेवू म्हणतात. मी स्पष्ट सांगितलंय, गोळीसकट सगळं बंद करा, पूर्ण कोरा करून पाठवा. आईचाही तोच हट्ट आहे. माझा प्रश्न एवढाच की नातेवाईकांना काय सांगू? ट्रेनिंगला गेलाय म्हणू का? खोटं बोलायचं जीवावर येतं. – एक ताई"

अगं ताई, नातेवाईकांचं राहू दे बाजूला. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या कंसापाशीच अडकले. कोण काय म्हणेल याला आख्खं पत्र, आणि भाऊ मरता मरता वाचला ते कंसात.

हो, मरता मरता. ते घोरणं झोपेचं नव्हतं गं. गर्द म्हणजे हेरॉईनच, ती जास्त झाली की मेंदूचा श्वास चालवणारा भाग सुस्तावतो, श्वास मिनिटाला दोन-चारवर येतो, घशातून घरघर येते, बाहेरच्याला वाटतं मस्त झोपलाय, आणि ऑक्सिजन कमी पडला म्हणून ओठ-नखं निळी पडतात. याला ओव्हरडोस म्हणतात. पाणी मारून उठला हे तुमचं नशीब, परत तसंच होईल असं धरून चालू नकोस.

आणि तो त्याच दिवशी का पडला? तर नऊ दिवस बंद होतं म्हणून. रोज ओढून शरीराला एका मापाची सवय झालेली असते, ती सवय थोड्याच दिवसांत उतरते, पण डोक्यातलं माप तेच राहतं. त्याने नेहमीइतकीच ओढली असेल बघ. तुम्ही कोरा केलात ना त्याला, त्या कोऱ्या शरीराला जुनं माप झेपलं नाही. आणि आता तू डॉक्टरांना बजावून आलीयस, कोरा करून पाठवा!

लंडनमध्ये २००३ साली हेच बघितलं होतं, ॲडमिट होऊन डिटॉक्स केलेल्यांचं पुढे काय झालं ते. ओव्हरडोसने जे गेले ते अर्धवट सोडून पळालेले नव्हते, कोर्स पुरा करून, सवय पार उतरवून घरी गेलेले होते, आणि तेही पहिल्या चार महिन्यांतच. शहाण्यासारखं पुरं केलेले. मला हे वाचून दोन दिवस काही सुचलं नव्हतं.

हॉस्पिटलचे दहा दिवस हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. टर्की, म्हणजे नशा बंद केल्यावर होणारा त्रास, काय असते ते तू दाराच्या अलीकडून ऐकलंयस, आधी जांभया, नाक-डोळे वाहणं, अंगावर काटा, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब, पाय एका जागी ठरत नाहीत, झोपेचं तर नावच नको, आणि आठवडाभरात उतरतं. तिथे निदान सलाईन असेल, औषधं असतील, रात्री कोणीतरी नाडी बघेल. फक्त एक लक्षात ठेव, गेल्या गेल्या गोळी देणार नाहीत. टर्की नीट लागेपर्यंत थांबतात, डोळ्यांच्या बाहुल्या केवढ्या झाल्यात, नाडी किती, घाम किती याला चक्क मार्क देतात, कारण गोळी लवकर पडली तर ती मेंदूतल्या गर्दला ढकलून तिची जागा घेते आणि सगळी टर्की एकदम अंगावर कोसळते. तेव्हा बाहेर उभं राहून "अहो द्या ना त्याला काहीतरी" करू नकोस.

आता ती गोळी. ब्युप्रेनॉर्फिन. नशा सोडवायला दुसरी नशा कशाला, हेच ना तुमचं दोघींचं? तुमचा संशय अगदीच वेडा नाहीये, हेरॉईनच मुळी १८९८ पासून खोकल्याचं औषध म्हणून विकलं जायचं, तेव्हा लोक एकदा पोळलेत. पण ही गोळी तशी नाही. ती गर्दच्याच जागी जाऊन बसते, तलफ खाली ठेवते, पण एका मर्यादेपलीकडे तिचा जोर चढत नाही, म्हणून श्वास दाबायचा धोका खूपच कमी (दारू आणि झोपेच्या गोळ्या मात्र सोबत अजिबात नकोत). घसरलाच एखाद्या दिवशी, तर ती आधीच जागा अडवून बसलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. काही जण ती महिनोन् महिने घेतात, काही वर्षानुवर्षं, कामावर जातात, भांडतात, बिलं भरतात. तुझ्या आईला गोळीची लाज वाटते, कडीची नाही वाटली.

आणि हो, एवढ्या पत्रात त्याला स्वतःला काय हवंय हे कुठेच नाही. २७ वर्षांचा आहे तो. गोळी किती दिवस हे तो आणि डॉक्टर ठरवतील, तू नाही.

रागावतेय खरी, पण ते वाक्य कंसात का गेलं तेही कळतंय मला. नीट ओळीत लिहिलं असतंस तर त्या रात्रीकडे परत बघावं लागलं असतं.

तर सोमवारची वाट न बघता आज डॉक्टरांना फोन कर. "कोरा करा" हे मागे घे. नॅलोक्सोन घरी ठेवायला मिळेल का ते विचार, नाकातला स्प्रे असो की इंजेक्शन, आणि कसं द्यायचं ते आईसकट सगळ्यांनी शिकून घ्या. ओव्हरडोसमध्ये ते काही मिनिटांत श्वास परत आणतं, पण तासा-दीड तासात त्याचा असर ओसरतो आणि माणूस पुन्हा बुडू शकतो, म्हणून ते दिलं तरी ॲम्ब्युलन्स बोलवायचीच आणि त्याला एकटा सोडायचा नाही.

ट्रेनिंग सांग नाहीतर ट्रिप सांग, मला काही फरक पडत नाही. फोनवर पहिलं वाक्य मात्र हे बोल: "डॉक्टर, मागच्या वेळी नऊ दिवस बंद ठेवल्यावर तो बाथरूममध्ये निळा पडला होता, मी तुम्हाला सांगितलं नव्हतं." मग गप्प बस आणि ते काय सांगतात ते लिहून घे.