घरसंसार सांभाळून झेन ध्यानाला बसणं खरंच जमतं का?

दोन लहान मुलं आणि नोकरी सांभाळून झेन ध्यानाला, म्हणजे झेन या बौद्ध परंपरेतल्या शांत बसून करायच्या ध्यानाला, वेळ कुठून काढायचा, आणि बैठक मध्येच मोडली तर ती वाया जाते का, असं तुम्ही विचारलंय. मी अकरा वर्षं बसतोय, त्यातली नऊ वर्षं बाप झाल्यानंतरची.

मठातली बैठक साधारण चाळीस मिनिटांची असते, एक उदबत्ती जळून संपेपर्यंतची. तो आकडा आधी डोक्यातून काढा. मी पहाटे, घर जागं व्हायच्या आत, दहा मिनिटं बसतो. उशी आदल्या रात्रीच मांडून ठेवतो, म्हणजे उठल्यावर 'बसू की नको' हा विचारच येत नाही. मांडी जमत नसेल तर खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसा, पाठ न टेकता. उच्छ्वास एक ते दहा मोजायचे, आकडा चुकला की पुन्हा एकपासून. डोळे अर्धे उघडे, नजर दोन-तीन हातांवर जमिनीकडे. आईबापांसाठी हे उघडे डोळे फार मोलाचे आहेत, कारण तुम्ही घराकडे पाठ फिरवून बसलेले नसता.

व्यत्ययाचं मला उशिरा कळलं. एकदा मुलगा मध्येच आला आणि मी त्याच्यावर जोरात खेकसलो. बायको शांतपणे म्हणाली, "तुझी दहा मिनिटं आम्हाला फार महाग पडतात." खरंच होतं ते. मी बसायचो तेव्हा घर ती एकटी सांभाळायची, आणि हे मी तिला कधी विचारलंही नव्हतं. आता तिचाही वेळ ठरलेला आहे, तेव्हा मुलं माझ्याकडे. आणि मूल हाक मारतं तेव्हा मी हात जोडून उठतो, पूर्ण उठतो. मन उशीवर ठेवून मुलाकडे गेलात तर दोन्ही हातचं जातं.

डोगेन हा जपानी भिक्षू १२२३ मध्ये चीनला गेला. तो अजून जहाजावरच होता, तेव्हा एका मठाचा म्हातारा आचारी तिथे अळंबी विकत घ्यायला आला. या वयात ध्यान सोडून स्वयंपाकाची दगदग कशाला, असं डोगेनने विचारलं. आचारी हसला आणि म्हणाला, साधना म्हणजे काय ते तुम्हाला अजून उमगलेलं नाही. पुढे १२३७ मध्ये मठाच्या आचाऱ्यांसाठी लिहिताना डोगेनने हा प्रसंग आवर्जून नोंदवला.

पण या गोष्टीचा आधार घेऊन बसणं सोडू नका. मी वर्षभर तसं केलं. भांडी घासणं हेच माझं ध्यान, असं म्हणायचो, आणि घासताना डोक्यात ऑफिसचे हिशेब चालू असायचे. तो आचारी आयुष्यभर साधनेत मुरलेला होता. रोजची दहा मिनिटं असतील तरच त्यातलं थोडंफार भांड्यांपर्यंत उतरतं.

बाळ वर्षाच्या आतलं असेल तर मात्र पहाटेची झोप मोडू नका. झेनमध्ये दोन बैठकांच्या मध्ये सावकाश चालत ध्यान करतात, त्याला किनहिन म्हणतात. धाकटी रात्री रडायची तेव्हा तिला खांद्यावर घेऊन मी तेच करायचो: एक श्वास, अर्धं पाऊल, अंधारात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ती झोपेपर्यंत.